तगरची वाट आणि तेरची माती

(नभोवाणीवरील भाषण)

ज्यांच्या नावाच्या शेवटी 'पेठ' हा शब्द येतो अशी गावे आपल्या मुलखात थोडी नाहीत. परभणी जिल्ह्यात गोदावरीच्या दक्षिणेस असलेले आमचे सोनपेठ हे त्यांपैकीच एक. जेथे पेठ तेथे बाजार, आणि जेथे बाजार तेथे वाहती वाट, हा संबंध अशा गावांच्या नावातच सांगितलेला असतो. परंतु कित्येक गावांच्या वाटा मोडतात, बाजार उठून जातात, आणि एके काळी आपल्या दाराशी कोण येऊन उतरत होते याची आठवणही मागे राहिलेल्या वस्तीला उरत नाही. अशा गावाचा वारसा म्हणजे नेमके काय, आणि तो कोणी सांभाळावयाचा, या प्रश्नाचा थोडा ऊहापोह आज आपल्यापुढे करावा असे मी योजिले आहे. त्यासाठी उदाहरण घेतो ते तेर या गावाचे.

तेर हे धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीच्या काठी वसलेले लहानसे गाव. वारकरी मंडळी त्यास गोरोबाकाकांचे गाव म्हणून ओळखतात. तेथील चैत्रातील यात्रेस आपणांपैकी पुष्कळजण गेलेही असतील. परंतु गोरोबाकाकांच्याही पूर्वी सुमारे बाराशे वर्षे या गावाचे नाव समुद्रापलीकडच्या व्यापाऱ्यांच्या वहीत लिहिले गेले होते. त्या काळी त्याचे नाव होते तगर.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेले 'पेरिप्लस' नावाचे एक लहानसे पुस्तक आहे. तांबड्या समुद्रातून निघून अरबस्तान आणि हिंदुस्थान यांच्या किनाऱ्यांवर व्यापार करणाऱ्यांसाठी ते लिहिलेले असून त्याच्या कर्त्याचे नाव कोणासही ठाऊक नाही. कोणत्या बंदरात काय विकते, काय मिळते, कोठे खडक आहेत, कोठे गाळ आहे, याची तो कर्ता मोठ्या व्यवहारी दृष्टीने नोंद करतो. नर्मदेच्या मुखाशी असलेल्या भडोच बंदराला तो 'बारिगाझा' म्हणतो. त्या बंदराच्या दक्षिणेकडील प्रदेशास तो 'दखिनाबदेस' असे नाव देतो आणि तेथील लोकांच्या भाषेत दक्षिणेस 'दखन' म्हणतात असेही सांगतो. हा आपला दक्षिणापथ होय, हे सांगावयास नकोच. या प्रदेशात दोन बाजारपेठा विशेष मोठ्या आहेत, असे त्याचे म्हणणे. पहिली पैठण, ती भडोचपासून दक्षिणेकडे वीस दिवसांच्या वाटेवर. दुसरी तगर, ती पैठणपासून पूर्वेकडे दहा दिवसांच्या वाटेवर. पैठणहून मौल्यवान खडे आणि तगरहून जाडेभरडे कापड व नाना प्रकारची तलम मलमल गाड्यांवर लादून भडोचास येते, अशी त्याची नोंद आहे. पूर्वेकडील समुद्रकिनाऱ्याचा मालही तगरात जमा होऊन याच वाटेने पुढे जात असे.

या नोंदीत एक लहानसा तपशील आहे, तो मला फार मोलाचा वाटतो. हा सगळा माल ज्या मुलखातून येतो तेथे बांधलेले रस्ते नाहीत, असे तो ग्रीक लेखक सांगतो. आज आपण ज्यास प्राचीन महामार्ग म्हणतो त्यावर फरशी नव्हती आणि खडीही नव्हती. गाड्यांच्या चाकोऱ्या, नदीचे उतार, मुक्कामाची झाडे आणि पाण्याच्या विहिरी यांच्या ओळखीने तो मार्ग तयार झालेला होता. पावसाळ्यात काळ्या रानात तो बुजून जावयाचा आणि सुगी संपली की बैलांच्या खुरांनी पुन्हा उमटावयाचा.

आपण शाळेतील मुलांप्रमाणे थोडे गणित करून पाहू. पैठण आणि तेर यांच्यामधील सरळ रेषेतील अंतर सुमारे दीडशे किलोमीटर आहे. ते दहा दिवसांत कापावयाचे तर दररोजची मजल पंधरा किलोमीटरांची, म्हणजे जुन्या मापाने पाच कोसांची पडते. भडोच ते पैठण हे अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे. त्यास वीस दिवसांनी भागिले तर रोजची मजल सतरा-अठरा किलोमीटरांची येते. भरलेल्या बैलगाडीची चाल ज्यांनी पाहिली आहे ते म्हणतील की हा हिशेब कोणा शेतकऱ्यानेच सांगितला असावा. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी व्यापाऱ्याने कोणाच्या तरी तोंडून ऐकून लिहिलेले दिवस आपल्या बैलांच्या पायांशी असे जुळतात, ही गोष्ट मोठ्या ग्रंथांतील वर्णनांहून मला अधिक विश्वसनीय वाटते.

असे असूनही तगर कोठे होते, हे विद्वानांना फार दिवस उमगले नव्हते. याचे कारण त्या पुस्तकातील 'पूर्वेकडे' हा शब्द. तेर हे पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस आहे. त्यामुळे कोणी देवगिरीकडे बोट दाखविले, पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर सुचविले, तर डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांसारख्या थोर संशोधकाने धारूरचे नाव पुढे केले. अखेर 1901 साली फ्लीट या पंडिताने तगर म्हणजेच तेर असे प्रतिपादन केले. त्याच साली पुराणवस्तु खात्याचे हेन्री कझिन्स यांनी प्रत्यक्ष तेरला जाऊन तेथील पांढरीची टेकाडे व विटांची देवळे पाहिली, आणि पुढे त्यांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हापासून हा वाद बहुतेक मिटला आहे.

नावाचा हा प्रवास आपल्या भाषेच्या दृष्टीनेही पाहण्यासारखा आहे. संस्कृतातील दोन स्वरांमधला 'ग' प्राकृतात गळून पडतो. म्हणून 'नगर' याचे 'नयर' आणि पुढे 'नेर' झाले. संगमनेर, पारनेर, अमळनेर या गावांच्या शेपटीस जे 'नेर' आहे ते हेच. त्याच न्यायाने 'तगर' याचे 'तयर' आणि 'तयर' याचे 'तेर' झाले. गाव लहान झाले तसे नावही झिजून लहान झाले, इतकेच. ते पुसले गेले नाही, कारण पिढ्यानपिढ्या तेथे राहणाऱ्या माणसांनी ते उच्चारावयाचे कधी थांबविले नाही.

आता तगरहून निघालेल्या गाड्यांबरोबर आपण थोडे पुढे जाऊ. तगराहून पैठण आणि पैठणहून पश्चिमेस दोन मुख्य दिशा फुटत. एक जुन्नरवरून नाणेघाट उतरून कल्याणकडे जाई, तर दुसरी उत्तरेकडे वळून भडोचास पोहोचे. नाणेघाटातील गुहेत सातवाहनांची राणी नागनिका हिच्या काळचा शिलालेख आजही आहे, आणि घाटमाथ्यावर जो मोठा दगडी रांजण दिसतो तो जकातीचा, असे लोक परंपरेने मानतात. पेरिप्लसच्या काळी राजकीय भांडणांमुळे कल्याण बंदराचा व्यापार अडविला गेला होता, आणि तेथे येणारी ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचास नेली जात. तेव्हा जवळचे बंदर सोडून दूरच्या बंदरास गाड्या का जात, याचे उत्तरही तेथेच मिळते. परतीच्या व्यापारात परदेशी गलबतांतून द्राक्षमद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि सोन्याचांदीची नाणी भडोचास उतरत.

या देवघेवीच्या खुणा तेरच्या मातीत सापडल्या आहेत. तेथे 1958 साली श्री. चापेकर यांनी पद्धतशीर उत्खनन केले, आणि त्यानंतरही वेळोवेळी उत्खनने झाली. सातवाहनांची नाणी, मौल्यवान खड्यांचे व काचेचे मणी, शंखाच्या बांगड्या, पांढऱ्या चिकणमातीच्या सुबक स्त्रीमूर्ती, आणि रोमन नाण्यांवरील मुखवटे पाहून मातीत उठविलेली पदके, असे कितीतरी जिन्नस तेरमध्ये मिळाले आहेत. त्यांत हस्तिदंताची एक लहानशी स्त्रीमूर्ती आहे. इटलीत व्हेसूव्हियस पर्वताच्या स्फोटाने इ. स. 79 मध्ये गाडले गेलेले पाँपेई नावाचे शहर आहे. तेथील एका घरात 1938 साली हस्तिदंताचीच एक भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. तेरची मूर्ती आणि पाँपेईची मूर्ती या बहिणी शोभाव्यात इतके त्यांचे साम्य आहे. आपल्या मराठवाड्यातील भोकरदन येथेही याच घडणीची मूर्ती मिळाली आहे. दक्षिणेतील कारागिराच्या हातचे काम रोमन गृहस्थाच्या घरापर्यंत कसे पोहोचले असेल, याची कल्पना यावरून यावी.

हा वैभवाचा काळ पुढे ओसरला. रोमशी चालणारा व्यापार मंदावला, सातवाहनांचे राज्य संपले, राजधान्या बदलल्या आणि गाड्यांनी दुसऱ्या चाकोऱ्या धरल्या. तथापि तगर एका दिवसात नाहीसे झाले नाही. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या इ. स. 612 च्या ताम्रपटात दान घेणारा ब्राह्मण तगरचा रहिवासी असल्याचे सांगितले आहे. त्यानंतर कोकणात आणि कोल्हापूर प्रांतात राज्य करणारे शिलाहार राजे स्वतःस 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवीत. तेरपासून इतक्या दूर राहून, कित्येक पिढ्यांनंतरही, त्यांनी या गावाचे नाव आपल्या बिरुदात मिरविले. गाव सोडून गेलेल्या माणसालाच गावाच्या नावाची थोरवी अधिक वाटते, हे आजच्या पैठणकर, जुन्नरकर अशा आडनावांवरूनही आपणांस दिसते.

राजे गेले, सार्थवाह गेले, वाटही मोडली. मग तेरला राहिले काय? माझे उत्तर असे की तेरला माती राहिली आणि मातीला आकार देणारे हात राहिले. हीच आजच्या भाषणाची मुख्य गोष्ट आहे.

तेरचे त्रिविक्रमाचे देऊळ पाहा. ते विटांचे आहे. त्याची मागची बाजू अर्धवर्तुळाकार असून छप्पर हत्तीच्या पाठीसारखे आहे. दर्शनी भागावर चैत्यगवाक्षाची कमान आहे. कार्ले आणि अजिंठा येथील डोंगरात कोरलेली चैत्यगृहे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे देऊळ पाहताच त्यांची आठवण होते. मूळचे हे बौद्धांचे चैत्यगृह असावे आणि पुढे ते विष्णूचे देऊळ झाले, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. डोंगरात कोरलेली चैत्ये शेकडो वर्षे टिकतात यात नवल नाही. पण विटांनी बांधलेले चैत्य उभे राहणे ही फार दुर्मिळ गोष्ट आहे. आंध्र प्रदेशातील चेझर्ला येथील कपोतेश्वराचे देऊळ याच जातीचे म्हणून सांगतात. एरवी असा नमुना क्वचितच दिसेल. शिवाय तेरला उत्तरेश्वराचे व कालेश्वराचे अशी विटांची जुनी देवळे आहेत, आणि जैन बांधवांचेही हे क्षेत्र आहे. कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात तेरापूरचा उल्लेख येतो.

त्रिविक्रमाचे देऊळ आजवर का टिकले, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. विटा भक्कम होत्या हे एक कारण खरेच. पण मुख्य कारण असे की ते कधी रिकामे पडले नाही. एका काळी उपासकांनी तेथे स्तूपाला प्रदक्षिणा घातली असेल, तर पुढे भाविकांनी त्रिविक्रमाला. दिवा लावणारे हात बदलले, परंतु दिवा लावला गेला. ज्या इमारतीत रोज कोणीतरी झाडलोट करतो तिच्या भिंतीतील वीट कोणी काढून नेत नाही.

आणि याच मातीत गोरोबाकाका झाले. ज्ञानदेव-नामदेवांचे ते समकालीन. परंपरेप्रमाणे शके 1239 च्या चैत्र वद्य त्रयोदशीस, म्हणजे 1317 साली, त्यांनी तेर येथे समाधी घेतली. सर्व संतमंडळी जमली असता मुक्ताबाईंनी त्यांना कच्चे मडके कोणते आणि पक्के कोणते ते पाहावयास सांगितले, आणि त्यांनी थापटणे हातात घेऊन एकेकाच्या डोक्यावर थोपटले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकली आहे. नामदेवांचे मडके कच्चे ठरले. मग ते औंढ्यास विसोबा खेचरांना शरण गेले. औंढा नागनाथ हे 1999 पर्यंत आपल्या परभणी जिल्ह्यातीलच क्षेत्र होते. या कथेत मला जी गोष्ट भावते ती अशी, की तेथे परीक्षक म्हणून कोणी शास्त्री बसला नाही. मडक्याचा आवाज ज्याच्या कानाला ठाऊक होता, तो कुंभार बसला. सातवाहनांच्या काळी चिकणमातीच्या मूर्ती घडविणारे हात आणि गोरोबाकाकांचे हात यांच्यामध्ये हजार-बाराशे वर्षांचे अंतर आहे. पण गाव एक, नदी एक आणि माती एक.

आता थोडे कटु बोलणे प्राप्त आहे. आपण खेड्यापाड्यांतील माणसे जमिनीचे दोन भाग मानतो; काळी आणि पांढरी. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची. पिढ्यानपिढ्या एकाच जागी घरे बांधली गेली, पडली, पुन्हा बांधली गेली, चुलींची राख पडत राहिली, की त्या जागेची माती पांढुरकी होते आणि टेकाड वाढते. मराठवाड्यातील माळवदाच्या घरांना हीच माती लागते. उन्हाळ्याच्या अखेरीस पांढरीची माती आणून माळवदावर टाकावयाची, म्हणजे पावसात घर गळत नाही, ही आपली जुनी रीत. या गरजेपोटी गावोगावची जुनी टेकाडे खणली गेली आणि तेरचीही त्यातून सुटली नाहीत. गरिबाने घर गळू नये म्हणून चार टोपल्या माती नेली तर त्यास दोष कसा द्यावा? परंतु टोपलीच्या जागी गाडी आली आणि गाडीच्या जागी यंत्र आले, तेव्हा शेकडो वर्षांत साचलेले एका दिवसात निघून जाऊ लागले. त्यातच जुन्या वस्तूला किंमत येते असे कळल्यावर माती चाळून मणी आणि मूर्ती विकणारेही निघाले.

माझ्या नोकरीच्या काळात मी मुलांना घेऊन तेरला गेलो होतो. पावसाने धुतलेल्या टेकाडाच्या उतारावर एका मुलास खापराचा तुकडा दिसला. तो उचलून त्याने मला विचारले, "गुरुजी, हे किती जुने?" मी त्यास म्हटले, "बाळ, तू उचलण्यापूर्वी विचारले असतेस तर कदाचित कोणास सांगता आले असते." वर्गात मी मुलांना नेहमी सांगत असे की गणिताचे नुसते उत्तर लिहिले तर गुण नाहीत, रीतही लिहिली पाहिजे. पुराणवस्तूचेही तसेच आहे. ती कोणत्या थरात होती, तिच्यावर काय होते, तिच्या खाली काय होते, ही तिची रीत. थरातून उपटून काढलेला मणी सुंदर असतो, पण तो रीत न लिहिलेले उत्तर होय. तो खरा आहे की नाही हेही पुष्कळदा सांगता येत नाही.

या अंधारात तेरच्याच एका माणसाने दिवा लावला, त्याचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. कै. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचे रहिवासी. त्यांच्या हाती राज्य नव्हते, की विद्यापीठाची पदवी नव्हती. टेकाडांवर उघड्या पडणाऱ्या, लोकांच्या हाती लागणाऱ्या वस्तू त्यांनी वर्षानुवर्षे जमविल्या आणि जपल्या. गावातील लोक ज्यांस खेळणी किंवा खापरे समजत होते त्या हजारो वस्तू त्यांच्या घरी सुरक्षित राहिल्या, आणि पुढे त्यांतून तेर येथे शासकीय पुराणवस्तु संग्रहालय उभे राहिले. ते आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पाँपेईच्या मूर्तीची जी बहीण मी मघाशी सांगितली ती पाहावयास कोणास मुंबईस किंवा परदेशी जावे लागत नाही. ती तेरमध्येच आहे, ही या गृहस्थांची पुण्याई होय. गावाचा वारसा गावातच राहिला पाहिजे, हे त्यांनी भाषणे न करता करून दाखविले.

श्रोतेहो, आपणांपैकी बहुतेकांचे गाव तेर नाही. पण गोदावरीच्या आणि तिच्या उपनद्यांच्या काठी अशी पांढरीची टेकाडे अनेक गावांच्या शेजारी आहेत. त्यांच्याविषयी तीन साध्या गोष्टी सांगून मी थांबणार आहे. पहिली अशी की जुन्या पांढरीवर नांगर आणि यंत्र घालू नये. घराला माती लागलीच तर ती अन्यत्र पाहावी. दुसरी अशी की शेतात, पायात किंवा विहिरीत काही जुनी वस्तू दिसली तर ती हलविण्यापूर्वी जागा नीट पाहावी, शक्य तर छायाचित्र घ्यावे, आणि तलाठ्यास, शाळेच्या मुख्याध्यापकास किंवा जवळच्या संग्रहालयास कळवावे. 1878 च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किंमतीचे गुप्तधन सापडल्यास ते जिल्हाधिकाऱ्यास कळविणे हे सापडविणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि 1972 च्या कायद्याने पुराणवस्तूंच्या निर्गतीवर बंदी आहे. भिऊन लपवून ठेवण्यापेक्षा कळविणे हेच सुरक्षित, हे लोकांस समजावून सांगितले पाहिजे.

तिसरी गोष्ट माझ्या व्यवसायबंधूंसाठी आहे. मुलांना आपण लंडन कोठे आहे ते शिकवितो, रोम कोठे आहे तेही शिकवितो, आणि ते शिकविलेच पाहिजे. पण ज्या मुलाने रोमचा नकाशा काढला त्याला हेही सांगावे की त्या रोमच्या मुलखात आपल्या तेरचे कापड नेसणारी माणसे असतील. वर्षातून एकदा त्याला तेरला न्यावे. तेथे त्रिविक्रमाचे देऊळ, संग्रहालय आणि गोरोबाकाकांची समाधी या तिन्ही ठिकाणी त्यास थांबवावे. घरी परतल्यावर त्याने आपल्याच गावाच्या पांढरीकडे एकदा निरखून पाहिले, तर सहलीचा खर्च वसूल झाला असे समजावे.

तगरहून भडोचास जाणारी गाड्यांची वाट कधीच मोडली. ती पुन्हा चालू करणे आपल्या हाती नाही आणि त्याची गरजही नाही. पण त्या वाटेवरच्या माणसांनी मागे ठेवलेली माती आज आपल्या पायाखाली आहे. ती टोपलीत भरून नेण्यापूर्वी क्षणभर थांबावे, एवढीच माझी आपणांस विनंती.